रोम गावचे दोन सारथी

रोम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इटलीतील रोम उभे राहते. आम्हांला येथे ज्या रोमविषयी लिहावयाचे आहे ते अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील, बत्तीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. न्यूयॉर्क शहराशी त्याचे नाते केवळ राज्यापुरते; ते महानगर तेथून चारशे किलोमीटर दूर राहिले. ह्या गावाला इतिहास नाही असे मात्र नव्हे. १७७७ साली येथील फोर्ट स्टॅनविक्स किल्ल्याला ब्रिटिशांनी घातलेला वेढा निष्फळ ठरला. ४ जुलै १८१७ रोजी प्रसिद्ध ईरी कालव्याची पहिली कुदळ येथेच मारली गेली. पुढे तांब्या-पितळेच्या कारखान्यांमुळे गावाला 'ताम्रनगरी' असे नाव पडले. ग्रिफिस हा हवाई दलाचा मोठा तळ कित्येक वर्षे गावाचा अन्नदाता होता. तो १९९५ साली बंद झाला.

ह्या सगळ्याहून निराळी अशी एक नोंद रोमच्या नावावर आहे. १९७१ ते १९८५ ह्या सलग पंधरा वर्षांत, नॅस्कार ह्या संस्थेचे मॉडिफाइड मोटारींच्या शर्यतीतील राष्ट्रीय विजेतेपद ह्या एका गावाबाहेर गेले नाही. पंधरापैकी नऊ वेळा ते रिची एव्हान्सकडे आले आणि सहा वेळा जेरी कुककडे. दोघे एकाच गावचे रहिवासी, वयात दोन वर्षांचे अंतर, आणि उभी हयात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. नॅस्कारच्या कीर्तिदालनात, म्हणजे तिकडे ज्याला हॉल ऑफ फेम म्हणतात तेथे, पहिल्याची प्रतिष्ठापना २०१२ साली झाली व दुसऱ्याची २०१६ साली. देशातील मोठमोठ्या शर्यतपटूंच्या पंक्तीला ही गावची माणसे कशी जाऊन बसली, आणि त्यांना बसवताना त्या दालनाला आपली मोजपट्टी थोडी वाकवावी लागली काय, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा मोटारशर्यतींशी परिचय दूरचित्रवाणीपुरता असणार, म्हणून दोन शब्दांचा खुलासा आधी करतो. 'स्टॉक' म्हणजे दुकानातील माल. स्टॉक कार म्हणजे कोणाही गिऱ्हाइकाला विक्रेत्याकडून मिळते तशी साधी गाडी. फॉर्म्युला वनच्या गाडीप्रमाणे ती जन्मतःच शर्यतीसाठी घडवलेली नसते. निदान मूळ कल्पना अशी होती. मॉडिफाइड हा ह्या कुळातील सर्वांत रांगडा प्रकार. तीसच्या दशकातील एखादी दोन दारांची जुनी गाडी भंगारातून उचलायची, तिचे मडगार्ड कापून चाके उघडी करायची, आत आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवायचे, रुंद टायर चढवायचे आणि चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा उभा करायचा. सत्तरच्या दशकात जुनी धुडे दुर्मीळ झाल्यावर पिंटो, व्हेगा ह्यांसारख्या छोट्या गाड्यांची कवचे त्यावर चढू लागली. मूळ गाडीचे नाव आणि बाह्यरूप तेवढे उरायचे. बाकी सगळी कारागिरी गावातल्या गॅरेजची. अशा गाड्या अर्ध्या मैलाच्या किंवा त्याहूनही लहान अंडाकृती मार्गावर डावीकडे वळत वळत धावतात.

मॉडिफाइड ही नॅस्कारची धाकटी शाखा होय, असा समज अमेरिकेतही रूढ आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स ह्यांनी शर्यतवाल्यांची बैठक भरवली आणि तीतून ही संस्था जन्मास आली. फेब्रुवारी १९४८ मध्ये डेटोनाच्याच वाळूवर तिची पहिली शर्यत झाली, ती मॉडिफाइड गाड्यांची. रेड बायरन हा ती शर्यत जिंकला आणि त्या वर्षीचे विजेतेपदही त्याने मिळवले. नव्या, न बदललेल्या गाड्यांची मालिका पुढच्या वर्षी, जून १९४९ मध्ये, शार्लट येथे सुरू झाली. तीच पुढे कप मालिका म्हणून नावारूपाला आली. धाकटीचे दैव मात्र थोर. १९७१ साली विन्स्टन ह्या सिगारेट कंपनीचा पैसा तिच्यामागे उभा राहिला. फेब्रुवारी १९७९ मध्ये डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत आरंभापासून अखेरपर्यंत देशभर थेट दाखवली गेली. पूर्वेकडील राज्यांत त्या दिवशी हिमवादळ असल्याने लक्षावधी माणसे घरातच अडकून पडली होती, त्यांनी ती पाहिली. तेव्हापासून स्टॉक कार म्हणजे कप मालिका हे समीकरण पक्के झाले. थोरली शाखा ईशान्येकडच्या गावागावांतून आठवड्याच्या शर्यती भरवीत राहिली.

त्याच १९७९ साली एव्हान्स साठ शर्यतींत उतरला, चौपन्न शर्यतींत पहिल्या पाचांत आला आणि त्यांतील सदतीस त्याने जिंकल्या. देशाने पाहिलेल्या त्या एका शर्यतीपुढे ह्या साठांचा गवगवा कोठे झाला नाही.

येथे मॉडिफाइडच्या विजेतेपदाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तीत आहे. १९८४ पर्यंत ह्या विजेतेपदासाठी ठरावीक शर्यतींची यादी नव्हती. नॅस्कारची मान्यता असलेल्या कोणत्याही गावच्या मार्गावर धावा, गुण मिळवा, वर्षअखेरीस बेरीज करा, असा हिशेब होता. तेव्हा ज्याला राष्ट्रीय विजेता व्हायचे त्याने वेगात असून भागत नसे. त्याने सतत कोठे ना कोठे हजर असावे लागे. शुक्रवारी संध्याकाळी कनेक्टिकटमधील स्टॅफर्ड, ते रोमहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. शनिवारी दुसरे गाव, रविवारी तिसरे. मोठ्या शर्यतीसाठी व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल गाठायचे तर नऊशेहून अधिक किलोमीटरांची मजल. गाडी ट्रेलरवर चढवून रात्रभर प्रवास, पहाटे घरी, दिवसा मोडतोडीची दुरुस्ती आणि पुन्हा रस्ता. कुकच्या नावावर कारकिर्दीतील १,४७४ शर्यती व ३४२ विजय नोंदलेले आहेत. सुमारे वीस वर्षांत हा आकडा विभागला तरी दर वर्षाला सत्तरहून अधिक शर्यती पडतात; आणि न्यूयॉर्क राज्याच्या त्या भागात वर्षाचे कित्येक महिने बर्फाखाली जातात. आमच्याकडे तालमीतील पहिलवान जत्रेजत्रेला फड मारीत हिंडे, तशी ही वणवण होती. फरक इतकाच की येथे पहिलवानाबरोबर त्याचा अख्खा आखाडाही ट्रेलरवर लादून न्यावा लागे.

आता ती दोन माणसे.

रिची एव्हान्सचा जन्म २३ जुलै १९४१ चा. रोमजवळच्या वेस्टर्नव्हिल येथील शेतावर तो वाढला आणि सोळाव्या वर्षी शेत सोडून रोममधील एका गॅरेजात कामाला लागला. आधी सरळ रस्त्यावरच्या वेगस्पर्धांत हात साफ केला. मग १९६२ साली जवळच्या व्हर्नन येथील युटिका-रोम स्पीडवेवर त्याने एक जुनी १९५४ ची फोर्ड उतरवली. तिच्यावर क्रमांक होता 'पीटी-१०९'. दुसऱ्या महायुद्धात जॉन केनेडी ज्या टॉर्पेडो नौकेवर होते तिचा हा क्रमांक, आणि १९६२ साली केनेडी राष्ट्राध्यक्ष होते; एकवीस वर्षांच्या पोराची ही मिजास आम्हांला आवडते. १९६५ साली तो मॉडिफाइड वर्गात आला आणि हंगामाच्या शेवटच्या रात्री पहिली शर्यत जिंकला. पुढे त्याची नारिंगी रंगाची, ६१ क्रमांकाची गाडी ईशान्येकडील प्रत्येक मार्गावर ओळखीची झाली. 'रॅपिड रोमन' हे त्याचे टोपणनाव. गावाच्या नावावरची ही कोटी लोकांनीच केली. स्वभावाने तो मोकळा, हसरा, शर्यतीनंतर मैफल जमवणारा. गॅरेजमध्ये भोवताली मित्रांचा मेळा आणि रात्र रात्र काम.

जेरी कुक १९४३ चा. त्याचा क्रमांक ३८. तेराव्या वर्षीच तो शर्यतीच्या गाडीचा मालक झाला होता. त्याची प्रकृती हिशेबी. कोणत्या रात्री जिंकण्यासाठी गाडी पणाला लावायची आणि कोणत्या रात्री तिसरा क्रमांक घेऊन ती धडकी घरी न्यायची, हे त्याला कळे. बेरजेवर ठरणाऱ्या विजेतेपदात ह्या गुणाचे मोल मोठे. १९७१ व १९७२ साली तो राष्ट्रीय विजेता झाला. १९७३ साली एव्हान्सने विजेतेपद पहिल्यांदा हिरावून घेतले. कुकने ते परत मिळवले आणि १९७४ ते १९७७ अशी सलग चार वर्षे राखले. १९७८ पासून मात्र एव्हान्सची आठ वर्षांची अखंड मालिका सुरू झाली.

एव्हान्स विजयांत बहुधा पुढे, कुक सातत्यात चिवट. म्हणून एकाला प्रतिभावंत आणि दुसऱ्याला कष्टाळू म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. रात्रभर जागून गाडी उभी करणाऱ्या एव्हान्सला कष्टांची वाण नव्हती आणि तीनशे बेचाळीस शर्यती केवळ हिशेबाने जिंकता येत नाहीत. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. एकमेकांची गॅरेजे एकाच गावात असताना दुसऱ्याची गाडी कधी निघाली, कोठे गेली, हे लपून राहणे अशक्य. एकाने शनिवारी जादा शर्यत गाठली की दुसऱ्याला घरी बसणे परवडत नसे. पंधरा वर्षे रोमबाहेरच्या कोणालाही विजेतेपद न मिळण्याचे कारण ह्या शेजारात आहे, असे आमचे मत आहे. देशातल्या इतरांना ते दोघे हरवीत होते ते जाता जाता.

मग ते कप मालिकेत का गेले नाहीत, हा प्रश्न कीर्तिदालनाच्या मतदारांनाही पडला असणार. आमच्या मते उत्तर फार गूढ नाही. दक्षिणेत जाऊन, पाठीशी मोठी कंपनी नसताना, दुबळी गाडी घेऊन शेवटच्या रांगेत धावण्यापेक्षा आपल्या मुलखात आपल्या हाताने बांधलेल्या गाडीने जिंकणे, आणि त्यावर घर चालवणे, त्यांना रास्त वाटले असावे. ह्यात महत्त्वाकांक्षेचा अभाव पाहणारा मनुष्य आठवड्याला तीन शर्यती धावणे म्हणजे काय ह्याचा विचारच करीत नाही. तथापि कीर्तीच्या दृष्टीने ह्या निवडीची किंमत त्यांना मोजावी लागली. पुण्या-मुंबईपासून दूर राहून आयुष्यभर मराठी लिहिणाऱ्यांना ती किंमत ठाऊक आहे. त्याविषयी आम्ही येथे अधिक लिहीत नाही.

१९८२ नंतर कुकने शर्यती सोडल्या, पण खेळ सोडला नाही. तो नॅस्कारच्या सेवेत गेला. माणसांना झिजवणारी ती जुनी गुणपद्धती मोडून १९८५ साली विजेतेपदासाठी मोजक्या, ठरलेल्या शर्यतींचा दौरा सुरू झाला, त्याचा पहिला संचालक कुक. जुन्या रीतीने सहा वेळा जिंकलेल्या माणसाने नव्या रीतीचा कारभार हाती घेतला, ह्यात आम्हांला मोठे औचित्य दिसते, कारण त्या रीतीचे ओझे त्याच्याइतके कोणी वाहिले नव्हते. नंतरही दीर्घकाळ तो संस्थेच्या स्पर्धाविभागात राहिला. तो दौरा आजतागायत चालू आहे.

नव्या रीतीचे पहिले विजेतेपदही एव्हान्सनेच मिळवले. ते त्याचे नववे. हंगामाची अखेरची शर्यत मार्टिन्सव्हिलला होती आणि विजेतेपद त्याआधीच निश्चित झाले होते. तेथे त्याला फक्त धावायचे होते. गुरुवार, २४ ऑक्टोबर १९८५ रोजी सरावाच्या वेळी त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो जागीच गेला. वय चव्वेचाळीस. ज्या दौऱ्याचा तो विजेता होता त्याचा कारभारी त्याचा पंधरा वर्षांचा प्रतिस्पर्धी होता. एव्हान्सनंतर पाच वर्षांत मॉडिफाइडमध्ये आणखी काही चालक दगावले. गाडीचा सांगाडा इतका ताठ होता की धडकेचा जोर लोखंड न वाकता थेट माणसाच्या देहात उतरे, हे लोकांच्या ध्यानी आले आणि पुढे सांगाड्यांच्या बांधणीत बदल झाले. नॅस्कारने मॉडिफाइड दौऱ्यातून ६१ हा क्रमांक निवृत्त केला. १९८६ चे विजेतेपद पेनसिल्व्हेनियाच्या जिमी स्पेन्सरने मिळवले आणि रोमची मालिका खंडित झाली.

आता कीर्तिदालनाकडे वळू. अमेरिकेत अशा दालनांची वाण नाही. राज्याचे, शहराचे, एकेका खेळाचे, कधी एकेका प्रदेशातील शर्यतवाल्यांचेही दालन असते. एव्हान्सला आधी मान मिळाला तो अशा ठिकाणी. १९९६ साली अलाबामातील टॅलाडेगा येथील आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट्स दालनात त्याची निवड झाली आणि १९९८ साली न्यू इंग्लंडच्या शर्यतपटूंच्या दालनात पहिल्याच तुकडीत. त्याच वर्षी नॅस्कारने आपल्या पन्नास वर्षांतील पन्नास श्रेष्ठ शर्यतपटूंची यादी काढली, तीत एव्हान्स व कुक दोघेही होते. २००३ साली मॉडिफाइडच्या सार्वकालिक दहा श्रेष्ठांत एव्हान्सला पहिला क्रमांक देण्यात आला.

नॅस्कारचे स्वतःचे दालन शार्लट येथे ११ मे २०१० रोजी उघडले. पहिल्या तुकडीत संस्थापक बिल फ्रान्स, त्यांचे पुत्र, आणि रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट, ज्युनियर जॉन्सन हे तीन शर्यतपटू होते. तिघेही कप मालिकेचे महारथी. दर वर्षी पाचच जणांची निवड व्हायची आणि कप मालिकेतील नावाजलेल्यांचीच रांग इतकी लांब की इतरांनी ताटकळत राहावे. अशा वेळी तिसऱ्याच तुकडीत, केल यारबरो आणि डॅरेल वॉल्ट्रिप ह्यांच्या शेजारी, एव्हान्सचे नाव जाहीर झाले. मतदारांपैकी निम्म्यांनी त्याला पसंती दिली होती. कप मालिकेच्या पुण्याईवाचून, निव्वळ मॉडिफाइडच्या बळावर तेथे पोहोचलेला तो पहिला. ह्या निवडीला काहींनी घाईची म्हटले असेल. आम्हांला ती वेळेवर झालेली वाटते. पहिली दहा वर्षे केवळ कपवाल्यांची गेली असती तर पुढे गावच्या मार्गांसाठी दार उघडणे अवघड झाले असते. संस्थेच्या नावात कप मालिका नाही, आणि तिची पहिली शर्यत कोणत्या गाड्यांची होती हे आम्ही वर सांगितलेच आहे.

कुकला आणखी चार वर्षे थांबावे लागले. २०१६ च्या तुकडीत टेरी लाबाँटी, कर्टिस टर्नर, बॉबी आयझॅक आणि ब्रूटन स्मिथ ह्यांच्यासह त्याची प्रतिष्ठापना झाली. मृत प्रतिस्पर्ध्याला आधी आणि जिवंताला नंतर, असा हा क्रम. विक्रम पाहता तो रास्तच आहे, कारण नवांपुढे सहा कमी. पण अकाली मृत्यूने माणसाभोवती एक प्रभा तयार होते आणि कार्यालयात टेबलामागे बसून म्हातारा झालेल्या माणसाला ती लाभत नाही, हेही तितकेच खरे. आम्हांला तर वाटते की एव्हान्सची नऊ विजेतेपदे वजनदार ठरतात ती समोर कुक होता म्हणून. त्या दशकात सामना दुबळ्यांशी असता तर नवाचे अठरा झाले तरी कोणी पुसले नसते. तेव्हा पहिल्याला दालनात घेतल्यावर दुसऱ्याला बाहेर ठेवणे हे कुस्ती निकाली काढून जोडीदाराचे नाव पुसण्यासारखे झाले असते. दालनाने चार वर्षांत तो दोष दूर केला.

रोम गावाने मात्र कोणाच्या मतदानाची वाट पाहिली नव्हती. 'शर्यतविजेत्यांचे शहर' असे बिरुद ते केव्हापासून मिरवीत आले आहे. एव्हान्सची आठवण दक्षिणेतही राहिली आहे. फ्लॉरिडातील न्यू स्मर्ना येथे फेब्रुवारीत, उत्तरेत बर्फ असताना, त्याच्या नावाने मॉडिफाइडची शर्यत होते.

ह्या दोघांनी उघडलेल्या दारातून पुढे आणखी काही जण आत गेले. मॉडिफाइडची सात विजेतेपदे मिळवणारा माइक स्टेफानिक सप्टेंबर २०१९ मध्ये विमान अपघातात गेला आणि २०२१ च्या तुकडीत त्याची निवड झाली. त्या तुकडीपासून दर वर्षी पाचाऐवजी तिघांनाच घेण्याचा नियम झाला, म्हणजे दार अधिक अरुंद झाले. तरीही २०२६ च्या तुकडीत व्हर्जिनियातील रिचमंडच्या रे हेंड्रिकचे नाव आले. १९९० साली वारलेला हा गृहस्थ 'फ्लाइंग इलेव्हन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ११ क्रमांकाच्या गाडीने वर्षानुवर्षे गावोगावच्या शर्यती जिंकत हिंडला. जेथे बक्षिसाची रक्कम बरी तेथे तो जाई. नॅस्कारच्या गुणांची बेरीज करीत बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. एव्हान्स आणि कुक ह्यांच्या नावांपुढे नऊ आणि सहा हे आकडे आहेत. हेंड्रिकच्या नावापुढे राष्ट्रीय विजेतेपदांचा रकाना कोरा आहे.